मतदारसंघाचा नकाशा बदलतोय? आपल्या वस्तीसाठी काय करायचं

अमेरिकेत दर १० वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघ नव्याने आखतात, आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, नेटिव्ह (अमेरिकेतले मूळनिवासी) वस्त्यांचं मत तिथेच कमजोर होऊ शकतं. एकतर वस्ती तीनचार मतदारसंघांत फोडतात, नाहीतर सगळ्यांना एकातच कोंबतात. अलाबामा राज्यात जवळपास २७% कृष्णवर्णीय लोक असून अमेरिकन संसदेच्या ७ पैकी एकाच मतदारसंघात त्यांचं बहुमत होतं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नकाशा चुकीचा ठरवला.

तर आधी बघा नकाशा कोण काढतं, बऱ्याच राज्यांत विधिमंडळच, मिशिगनसारख्या काही राज्यांत स्वतंत्र कमिशन. मग शेजाऱ्यांना घेऊन बसा आणि वस्तीची हद्द रस्त्यांच्या नावांसकट काढा, डिस्ट्रिक्टरसारखं फुकट टूल आहे त्यासाठी.

नकाशावरच्या जाहीर सुनावणीत नुसतं "आम्हाला न्याय द्या" म्हणून भागत नाही हो, आपण एकत्र का राहायला हवं ते ठोस सांगा, म्हणजे मुलं एकाच शाळेत जातात, पुराचं पाणी सगळ्यांकडे शिरतं, भाषांतराची गरज सगळ्यांनाच आहे, असं. पक्षाचं नाव काढू नका, मुद्दा तिथेच भरकटतो. बोललेलं सगळं लेखीही द्या आणि कॉपी जपून ठेवा, पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तेच कामाला येतं.