हाकेसरशी परत येणारा कुत्रा : ‘ये’ ही आज्ञा कशी शिकवावी

पाळीव कुत्र्याला बसणे, थांबणे, तोंडातली वस्तू सोडणे असे बरेच काही शिकवता येते. यांपैकी एकच आज्ञा पक्की करायला वेळ असेल, तर ती ‘ये’ हीच असावी, असे माझे ठाम मत आहे. दार चुकून उघडे राहते, गळपट्ट्याची कडी निसटते, फाटकाबाहेर भरधाव वाहने असतात, आणि अशा वेळी कुत्र्याचा जीव वाचवणारी गोष्ट म्हणजे त्याला लहानपणापासून आनंदाची वाटत आलेली मालकाची हाक.

सुरुवातीला घरातल्या सर्वांनी मिळून एक शब्द ठरवावा. आजोबा ‘ये ये’ म्हणतात, मुले ‘कम’ म्हणतात आणि आई नुसते नाव घेते, अशा घरात कुत्र्याला नेमके काय अपेक्षित आहे ते उमगत नाही. शब्द मराठी असो वा इंग्रजी, तो छोटा असावा आणि नेहमी एकाच प्रसन्न सुरात उच्चारला जावा. बक्षीस म्हणून मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत तयार ठेवावेत, कारण रोजच्या जेवणातली पोळी घरात चालून जाते, पण रस्त्यावरच्या वासांपुढे तिचा टिकाव लागत नाही. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्यामुळे बक्षीस म्हणून किंवा लाडानेही देऊ नयेत.

पहिला धडा घरातल्या शांत खोलीत, कुत्र्याला थोडी भूक असताना घ्यावा. दोन पावलांवर उभे राहून त्याचे नाव घ्यावे, त्याने पाहिले की ‘ये’ म्हणावे, एखादे पाऊल मागे सरकावे आणि तो जवळ पोहोचताक्षणी ‘शाब्बास’ म्हणत तुकडा द्यावा. येथे क्षणाचे महत्त्व फार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांजरांवरील प्रयोगांत असे आढळले की, ज्या कृतीपाठोपाठ हवेसे फळ मिळते ती कृती प्राणी पुढे अधिकाधिक तत्परतेने करू लागतो. कुत्र्याचे शिकणेही याच मार्गाने होते. बक्षिसाला एक-दोन सेकंदांहून अधिक उशीर झाला आणि तेवढ्यात कुत्रा वळून दाराकडे पाहू लागला, तर त्याच्या लेखी ते बक्षीस दाराकडे पाहण्याचे ठरते. धडा तीन ते पाच मिनिटांचा असावा आणि कुत्र्याचा उत्साह टिकून असतानाच तो संपवावा. तुकडा देताना दुसऱ्या हाताने गळपट्ट्याला हलकेच स्पर्श करण्याची सवय लावावी, नाहीतर पुढे खाऊ घेऊन हात लागण्याआधीच निसटणारा कुत्रा तयार होतो.

घरात हाक पक्की झाली की जिना, मग सोसायटीचे आवार आणि शेवटी मैदान, अशा क्रमाने जागा बदलावी. मात्र लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी नेऊ नये, कारण पार्व्होसारखा रोग तेथील मातीतूनही लागू शकतो. बाहेरच्या सरावासाठी पाच ते दहा मीटरची हलकी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, बांधावी. ती गळपट्ट्याला बांधू नये, कारण धावता कुत्रा दोरी संपताच मानेवर हिसका बसून जखमी होऊ शकतो. आपल्या हाताभोवतीही ती गुंडाळू नये. या दोरीने कुत्र्याला ओढून आणायचे नाही. बोलावूनही न येता त्याने पळून जाण्याची मजा चाखू नये, एवढ्यापुरतीच तिची गरज आहे.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये, मग त्याने चप्पल कुरतडलेली असो किंवा तो दहा हाका मारल्यानंतर आलेला असो. त्याच्या दृष्टीने शिक्षा झाली ती शेवटच्या कृतीची, म्हणजे जवळ येण्याची. आंघोळ, नखे कापणे, औषध अशा नावडत्या कामांसाठी त्याला हाक न मारता आपण त्याच्यापाशी जावे. मैदानात तर बहुतेक मालक केवळ घरी परतायच्या वेळीच हाक मारतात आणि ‘ये’ म्हणजे खेळ बंद, हे कुत्रा अल्पावधीत शिकतो. त्यासाठी खेळाच्या मध्येच अनेकदा बोलवावे, तुकडा द्यावा आणि ‘जा, खेळ’ म्हणून सोडून द्यावे. अशा वेळी पुन्हा मिळालेली मोकळीक हेही मोठे बक्षीस असते. मारहाणीने किंवा गळा आवळणाऱ्या साखळीने ही आज्ञा शिकवता येत नाही, कारण ज्याच्यापासून दुखापत होते त्याच्याकडे धावत जाण्याची इच्छा कुठल्याच प्राण्याला होत नाही.

कारवान किंवा मुधोळ यांसारखे नजरेने शिकार हेरणारे कुत्रे एकदा पळत्या मांजरामागे लागले, की उत्तम शिकलेलेही हाक ऐकतीलच असे नाही. त्यांना कुंपण नसलेल्या जागी मोकळे सोडू नये. दिवाळीत फटाक्यांनी बुजलेल्या कुत्र्याकडूनही आज्ञापालनाची अपेक्षा ठेवू नये, त्या दिवसांत पट्टा सोडूच नये.

‘ये’ या शब्दाला कुत्रा दाद देईनासा झाला असेल, तर तोच शब्द वारंवार ओरडण्याऐवजी नवा शब्द किंवा शिटी निवडून शांत खोलीतल्या पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. आणि सराव पुरा होण्याआधीच तो हातून सुटला, तर त्याच्यामागे धावू नये. पाठलाग त्याला खेळ वाटतो. त्याऐवजी उलट दिशेला पळावे किंवा खाली बसून डबी वाजवावी, आणि तो कितीही उशिरा आला तरी त्याला डबीतले सगळे तुकडे द्यावेत.