ड्रायव्हरच्या रिलीजला +१ देताना या चुका टाळा

वेचणीचे दिवस होते, घरचे सगळे कापसाच्या मागे. मी मात्र एका ओपन सोर्स डेटाबेस ड्रायव्हरच्या (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आरसी-२ ला, म्हणजे रिलीजआधी मतदानाला ठेवलेल्या दुसऱ्या फेरीच्या आवृत्तीला, -१ देऊन मोकळा झालो. +१ म्हणजे होकार, -१ म्हणजे नकार. आरसी-१ मधला कनेक्शन गळतीचा दोष काढला म्हणत होते, माझ्याकडे तो जसाच्या तसा. रिलीज मॅनेजरने एवढंच विचारलं, 'जारचं चेकसम पाठवता का?' जार म्हणजे ड्रायव्हरची तयार जावा फाइल, चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा. पाठवलं. जार आरसी-१ ची निघाली.

मेव्हनच्या (जावाचं बिल्ड करणारं, लागणाऱ्या जार उतरवणारं साधन) लेखी आरसी वगैरे काही नसतं. दोन्ही फेऱ्यांत आवृत्तीचा आकडा तोच, अंतिम रिलीजचा. एकदा एम-टू फोल्डरमध्ये (मेव्हन उतरवलेल्या फाइली तिथेच ठेवतं) त्या आकड्याची जार उतरली की मेव्हन ती पुन्हा आणायला जात नाही. म्हणून प्रत्येक फेरीआधी त्या ड्रायव्हरचा फोल्डर उडवा. तेवढाच. अख्खा एम-टू साफ केला तर मोबाइलच्या दोन दांड्यांवर सगळ्या डिपेंडन्सी (लागणाऱ्या इतर लायब्ररी) परत उतरवण्यात रात्र जाते. (मी केलंय. त्याच रात्री लाइनही गेली.)

दुसरी चूक म्हणजे गिटचा टॅग (कोडच्या साठ्यात त्या आवृत्तीला लावलेली खूण) बिल्ड करून मत देणं. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत मत असतं ते सोर्सच्या आर्काइव्हवर, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यावर. व्यापारी गाडीतला वरचा कापूस पाहून भाव सांगत नाही, कोपरापर्यंत हात घालून आतली ओल बघतो. तसं आर्काइव्ह उघडून टॅगशी डिफ लावा, म्हणजे दोन्हींतला फरक बघा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदार सापडलं. ते चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट आर्काइव्हमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. ते पकडलं पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून खोदत गेल्यावर.

चेकसम जुळलं म्हणजे फाइल अस्सल, असंही नाही. एसएचए-५१२ (चेकसमचा एक प्रकार) जुळलं तर फाइल वाटेत तुटली नाही एवढंच कळतं, आणि आमच्या नेटवर ती तुटतेच. फाइल कोणी दिली ते तिच्यासोबतची डिजिटल सही सांगते. सही तपासताना 'पब्लिक की नाही' अशी ओळ आली तर प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरची कीज फाइल (सही करणाऱ्यांच्या पब्लिक कीजची यादी) आयात करा. 'गुड सिग्नेचर'खाली की प्रमाणित नसल्याचा इशारा येतो. त्याला घाबरू नका, पण कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख सांगणारा आकडा) कीज फाइलशी ताडून पाहा.

हिरवं 'बिल्ड सक्सेस' दिसलं की खाली स्क्रोल करायचा कंटाळा येतो. 'स्किप्ड'चा आकडा वाचा. डॉकर (चाचणीचा डेटाबेस सर्व्हर चालवणारं साधन) बंद असेल तर काही प्रकल्पांत इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे खऱ्या सर्व्हरशी जोडून घ्यायच्या चाचण्या, गुपचूप वगळल्या जातात. ज्या ड्रायव्हरने एकदाही सर्व्हरशी हात मिळवला नाही, तो तुम्ही पास करता.

ड्रायव्हर जावा ८ ला चालतो असं लिहिलं असेल तर जावा ८ वरच चालवून बघा. नवीन जेडीकेवर (जावाचं बिल्ड करायचं किट) नुसतं सोर्स-टार्गेट ८ ठेवून बिल्ड केलं की बाइटबफर या जावाच्या क्लासमधलं 'फ्लिप' घोळ घालतं. जावा ९ पासून त्याचा रिटर्न टाइप बदलला. कंपाइल होताना तक्रार नसते, जुन्या जावावर मात्र 'नो सच मेथड एरर'. ड्रायव्हरमध्ये बाइटबफर पावलोपावली, त्यामुळे पहिल्याच क्वेरीला आपटतो. कंपायलरला 'रिलीज ८' सांगितलं की हा घोळ होत नाही.

वेळेचं थोडक्यात: मतदान साधारण किमान ७२ तास चालतं आणि वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. शुक्रवार १८:०० म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. रात्रीच्या पाळीची थ्री-फेज आली म्हणून मोटर लावायला उठलेले बाबा मग विचारतात, 'एवढ्या रात्री काय करून रायला रे?'

अपाचेत रिलीजला किमान तीन बंधनकारक +१ लागतात, म्हणजे पीएमसीच्या (प्रकल्पाची व्यवस्थापन समिती) सदस्यांचे, आणि -१ पेक्षा +१ जास्त. एकटा -१ रिलीज अडवू शकत नाही. पण कारण पटलं तर मॅनेजर स्वतःच थांबतो, म्हणून पीएमसीत नसाल तरी मत द्या. नुसता +१ टाकू नका. जेडीके, ओएस, सर्व्हरची आवृत्ती आणि काय काय चालवलं ते लिहा.

तो -१ मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला. जार बदलून पुन्हा तपासलं, गळती खरंच बंद होती. +१ च्या खाली चेकसमही चिकटवलं, न मागता.