सँडविचच्या गाडीवर ग्लूटेन-फ्री खायचंय? या चुका टाळा

माझ्या मुलीला नवव्या वर्षी सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं. म्हणजे गहू, बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. आता ती बारावीत आहे. मधल्या काळात नव्याने निदान झालेल्या कितीतरी घरांतून मला फोन आले, अजून येतात. त्यात एक वाक्य हटकून ऐकू येतं: "आम्ही ब्रेड घरचाच नेतो हो, फक्त सँडविच गाडीवर लावून घेतो." ते ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण पहिले आठ महिने मीही हेच करत होते आणि त्याची किंमत माझ्या लेकीने मोजली.

आपला ब्रेड, त्याची सुरी

एकदा गाडीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. सँडविचवाला फळीवर स्लाइस मांडतो. सुरीने लोणी फासतो आणि सुरी परत लोण्याच्या डब्यात जाते. तिला लागलेला चुरा डब्यात उतरतो. त्याच फळीवर काकडी, टोमॅटो, बीट, उकडलेला बटाटा कापला जातो. सँडविचच्या कडा तिथेच काढतात, चार तुकडेही तिथेच. मधूनमधून फळी पुसली जाते, पण ज्या फडक्याने पुसतात त्यातही चुराच. शेवटी टोस्टर, त्याच्या खाचांमध्ये सकाळपासूनचे ब्रेडचे जळके कण. आता यात तुमचा घरून आणलेला, महागाचा, तांदळाच्या पिठाचा ब्रेड ठेवा. तो ग्लूटेन-फ्री किती वेळ राहिला?

आमची नेहमीची सँडविचची गाडी ठाणे शहरात होती. शनिवारी गाण्याचा क्लास सुटला की मुलगी तिथे जायची. गाडीवाले काका फार भले. आमचा ब्रेड हातात घेण्याआधी हात धुवायचे, फळी पुसायचे, आमचं सँडविच सगळ्यांच्या आधी करून द्यायचे. निदानानंतर आठ महिन्यांनी टीटीजीची, म्हणजे सीलिअ‍ॅकसाठी करतात ती रक्ताची तपासणी केली तर आकडा जेमतेम खाली आलेला. हिमोग्लोबिन तिथेच, उंचीही तिथेच. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर काय खाते? मी ठामपणे म्हणाले, काहीच नाही. मुलगी हळूच म्हणाली, "आई, शनिवारचं सँडविच."

आहारतज्ज्ञ बाईंनी मला ते सँडविच पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं होतं ते सांगायला लावलं. मी सांगत गेले आणि लोण्याच्या डब्यापाशी त्यांनी मला थांबवलं. पुढचं त्यांना सांगावंच लागलं नाही.

"एवढ्याशा चुऱ्याने काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात दिसलं. ५० मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. लोण्याच्या डब्याची अशी तपासणी कोणी करत नाही.

आणि टोस्टरच्या आचेवर ग्लूटेन जळून जातं हा गैरसमज कृपा करून सोडा. ग्लूटेन म्हणजे जंतू नव्हे. ते प्रथिन आहे, त्यामुळे भाजून, तळून, उकळून जात नाही. सॅनिटायझरनेही जात नाही. साबण-पाण्याने धुतलं तरच निघतं.

"यात गहू आहे का?" हा प्रश्न विचारणं

ही माझी दुसरी मोठी चूक, आणि हिच्याबद्दल मी जरा जास्तच बोलते. पहिल्याच आठवड्यात मी काकांना विचारलं होतं, "काका, चटणीत गहू नाही ना?" ते म्हणाले, "नाही ताई. कोथिंबीर, मिरची, लिंबू, मीठ. बस." ते खोटं बोलत नव्हते. लोण्याचा उलगडा झाल्यावर मी पुन्हा गेले आणि वेगळं विचारलं: "काका, चटणी वाटता कशी, सांगाल का?" त्यांनी सगळं सांगितलं. कोथिंबिरीची चटणी दुपारपर्यंत पाणी सोडते, सँडविच भिजतं, म्हणून वाटताना दोन स्लाइस घालतात, चटणी घट्ट राहते. त्यांच्या लेखी ब्रेड म्हणजे ब्रेड, गहू म्हणजे पोळीचा गहू. मैद्याला कितीतरी लोक गहू म्हणत नाहीत, रव्याला तर नाहीच.

तेव्हापासून मी 'आहे का, नाही का' विचारत नाही. पदार्थ कसा करता ते विचारते आणि समोरचा सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घेते. गर्दीच्या वेळी हे जमणार नाही. सहा वाजता पंधरा माणसं उभी असताना तुम्ही चटणीची चौकशी कराल तर कोणीही "चालतंय, खा" म्हणेल. दुपारी चारच्या सुमाराला जा, गाडी नुकती लागलेली असते, माणूस निवांत असतो. नव्या लोकांना याची घाई फार. निदान होऊन आठवडा झालेला नसतो आणि 'कुठली गाडी चालते तेवढी नावं पाठवा' असा निरोप येतो. अशी यादी माझ्याकडे नाही आणि मी करणारही नाही. चटणी वाटणारा माणूस बदलला की ती यादी खोटी ठरते.

चटणीचाच भाऊ म्हणजे हिंग. डबीतला हिंग बहुतेक वेळा नुसता हिंग नसतो, त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, पण घटक वाचून घ्यावा लागतो. सँडविच मसाला, चाट मसाला, वरून भुरभुरायची शेव, सगळ्यांत हिंग असू शकतो. बेसनाची शेव म्हणून निर्धास्त राहू नका. आधी आपल्या घरातली हिंगाची डबी उलटी करून वाचा, मग गाडीवाल्याला विचारा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ब्राउन ब्रेड, मल्टीग्रेन ब्रेड, नाचणी ब्रेड: सगळ्यांत बहुधा गहू किंवा मैदाच आधी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, पहिला शब्द वाचा.

खपली गहू हाही गहूच. 'ग्लूटेन कमी असतं' असं सांगून तो विकला जातो, सीलिअ‍ॅकला तो चालत नाही. सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा गव्हाचा ब्रेड, तोही नाही.

फ्रेंच फ्राइज बटाट्याचे असले तरी तेल कुठलं? ज्या कढईत ब्रेड पकोडा, समोसा तळला त्यातलं असेल तर नको.

दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बार्लीच्या असतात, काहींत गहूही असतो. मुलं सँडविचबरोबर चॉकलेट मिल्कशेक मागतात तेव्हा हे विसरायला होतं. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

मधला मसाला काढून दुसऱ्या ब्रेडमध्ये घालून द्या म्हणणं: नको. पचनाच्या गोळ्या घेऊन साधा ब्रेड खाणं: अजिबात नको. पथ्याची जागा घेईल अशी गोळी नाही.

एक चूक गाडीवर जाण्याच्याही आधीची

कोणीतरी सांगतं म्हणून लोक तपासणीआधीच गहू बंद करतात. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं, मग डॉक्टरांकडे जातात. तोवर रक्तातला टीटीजी खाली आलेला असतो, आतडं सुधारायला लागलेलं असतं, आणि खरा आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग खात्री करायची तर काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो. बरं वाटलेल्या लेकराला परत त्रासात ढकलायचं, हे मी एका घरात जवळून पाहिलंय. आधी रक्त तपासा, डॉक्टर म्हणाले तर दुर्बिणीतून बायोप्सी करा, आणि मगच गहू सोडा. आणि फक्त जुलाबांकडे लक्ष ठेवू नका. माझ्या मुलीला जुलाब नव्हतेच. लोहाची औषधं लागू पडत नव्हती आणि दोन वर्षांत उंची जेमतेम वाढली होती, एवढंच.

आम्ही आता कसं करतो

गाडी सोडायला मी तिला कधीच सांगितलं नाही. मैत्रिणी तिथे उभ्या असतात, तिनेही उभं राहावं असं मला वाटतं. सँडविच घरी लागतं. चटणी घरची, घट्टपणासाठी भाजलेलं डाळं. ग्लूटेन-फ्री ब्रेड गार झाला की कोरडा होतो, मोडतो, तो भाजलाच पाहिजे. म्हणून अख्खं सँडविच अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळून देते. कॉलेजबाहेरचे दादा ते पुडकं तसंच टोस्टरमध्ये दाबतात, फॉइल फाटलं तर ती ते सँडविच खात नाही. पुडकं ती स्वतःच्या डब्याच्या झाकणावर उघडते, वरचं फॉइल टाकून हात धुते आणि मग आतलं उलगडते. दादांना ती सँडविचचे निम्मे पैसे देते. ते नको म्हणतात, पण त्यांचा गॅस जळतो, जागा अडते.

गडबडीच्या दिवशी सँडविचचा हट्टच नसतो. राजगिऱ्याची चिक्की, वरीच्या तांदळाचं धिरडं, घरी दळलेल्या ज्वारीची भाकरी, आपल्याकडे किती तरी असतं. चक्कीवर दळायला देत नाही, कारण तिथे आधी गहू दळलेला असतो.

वरून लावायचं लोणी ती छोट्या डबीत नेते. डबीवर लाल मार्करने तिचं नाव लिहिलंय आणि मैत्रिणींना ठाऊक आहे की त्या डबीत फक्त तिचाच चमचा जातो.