आयबीएम आय: ‘क्यू’वाले जॉब बंद करताना या चुका टाळा

1988 मध्ये एएस/400 म्हणून आलेल्या आजच्या आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टीमवर जॉबचं (चालू कामाचं) पूर्ण नाव तीन भागांचं असतं: सहा आकडी क्रमांक, युजर आणि नाव. ‘क्यू’ने सुरू होणारी नावं सहसा सिस्टीमची स्वतःची असतात, आणि सर्वाधिक चुका यातला युजर वाचताना होतात.

समजा, एक फाइल लॉक आहे आणि वर्कॉब्जलॉक या कमांडच्या (लॉक कुणाकडे आहे ते दाखवणाऱ्या) यादीत क्यूझेडडॅसोइनिट हा जॉब, युजर क्यूयुजर दिसतो. ‘हा सिस्टीमचा जॉब, मारून टाकू’ म्हणत लगेच 4 (जॉब बंद करा) दाबू नका. ओडीबीसी किंवा जेडीबीसीने (बाहेरच्या प्रोग्राममधून डेटाबेसशी जोडून) येणाऱ्यांसाठी हे जॉब आधीच सुरू करून ठेवलेले असतात. कनेक्शन आलं की जॉब त्या माणसाच्या प्रोफाइलने काम करू लागतो. पूर्ण नावातला क्यूयुजर मात्र तसाच राहतो. वर्कजॉब या एका जॉबचा तपशील दाखवणाऱ्या कमांडमध्ये पर्याय 1 घ्या, तिथे ‘करंट युजर प्रोफाइल’ दिसेल. पर्याय 10 च्या जॉबलॉगमध्ये सीपीआयएडी12 हा संदेश असेल, तर कुठल्या क्लायंटवरून कोण आलंय तेही कळतं. तोच जॉब सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून जुन्या नोंदीवर विसंबू नका. त्या माणसाला फोन करून प्रोग्राम बंद करायला सांगणं केव्हाही बरं.

दुसरी चूक स्टेटसची, म्हणजे वर्कअ‍ॅक्टजॉब या चालू जॉबच्या यादीत दिसणाऱ्या स्थितीची. डीईक्यूडब्ल्यू म्हणजे जॉब अडकलेला नाही, तो रांगेत काम यायची वाट पाहतोय. एमएसजीडब्ल्यू (जॉब संदेशाच्या उत्तरासाठी थांबलाय) दिसला तर पर्याय 7 घेऊन संदेश वाचा. एलसीकेडब्ल्यू (जॉब लॉकसाठी थांबलाय) दिसला तर वर्कजॉबच्या पर्याय 12 मध्ये लॉक पाहा. सीपीयूचा आकडा पाहण्याआधी एफ10 (मोजणी नव्याने सुरू) दाबा, मिनिटभर थांबा, मग एफ5 (ताजे आकडे); नाहीतर तुम्ही जुनी सरासरी वाचत बसाल.

एससीपीएफ आणि क्यूसिसआर्ब या मूळ सिस्टीम जॉबच्या वाटेला जाऊच नका. यंत्रणाच त्यांच्यावर उभी आहे. अ‍ॅबनॉर्मल आयपीएलनंतर (यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्यावर) क्यूडीबीएसआरव्ही मालिकेतले डेटाबेसचे जॉब सीपीयू खात असतील, तर बहुधा अ‍ॅक्सेस पाथ (डेटाबेसचे इंडेक्स) पुन्हा बांधले जात असतात. किती उरलेत ते एडिटआरबीडीएपी या कमांडमध्ये दिसतं. ते संपू द्या.

एंडजॉब *इमिड (जॉब ताबडतोब बंद करा) दिल्यानंतरही जॉब जात नसेल, तर कॉल स्टॅक, म्हणजे आत कुठले प्रोग्राम चालू आहेत ते (वर्कजॉबचा पर्याय 11) पाहा. बऱ्याचदा तो मोठा रोलबॅक करत असतो, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल मागे घेत असतो. एंडजॉबअ‍ॅबनची (जॉब जबरदस्तीने बंद करायच्या कमांडची) मुभा *इमिडनंतर 10 मिनिटांनीच मिळते आणि ती वापरली की पुढचा आयपीएल अ‍ॅबनॉर्मल म्हणून नोंदला जातो.