चिकन प्रोसेसिंगमध्ये धातू, प्लास्टिक, हाड: या चुका टाळा

मेटल डिटेक्टर वाजला की अनेक ठिकाणी एकच प्रकार चालतो. पाकीट उचलायचं, पुन्हा बेल्टवर टाकायचं आणि या खेपेला मशीन गप्प राहिलं तर ‘खोटा अलार्म होता’ म्हणत खोक्यात भरायचं. माझ्या मते या कामातली सगळ्यात महाग चूक हीच. तारेचा तुकडा एका दिशेने गेला तर सापडतो आणि पाकीट फिरवलं की तोच निसटतो. शिवाय डिटेक्टरच्या खिडकीच्या, म्हणजे पाकीट ज्यातून जातं त्या पोकळीच्या, मध्यभागी त्याची पकड सगळ्यात कमी असते.

रिजेक्ट झालेलं पाकीट कुलूपबंद पेटीतच जायला हवं. क्वालिटीच्या माणसाने ते उघडून तुकडा शोधायचा आणि तो आला कुठून, हे लगेच बघायचं. चुंबक जवळ ठेवा. सुरीचं पातं सहसा चुंबकाला चिकटतं, टेबल-ट्रेचं 304 स्टेनलेस जवळपास चिकटत नाही. चमकदार बारीक कीस दिसला तर मिन्सर (खिमा करायचं मशीन) उघडा. जाळी आणि पातं एकमेकांवर नीट बसलं नसेल किंवा मशीन रिकामं फिरवलं असेल, तर धातूवर धातू घासतो. वळलेली तार मिळाली तर धुण्याची तारेची घासणी आधी हॉलबाहेर काढा. खिम्याच्या बाबतीत उशीर परवडत नाही, कारण मिन्सरमध्ये एका तुकड्याचे अनेक होतात.

दुसरी चूक वैतागातून होते. ओलं, मीठ-मसाला लावलेलं मांस वीज वाहून नेतं, त्यामुळे डिटेक्टरला ते धातूसारखं भासतं. माल कडक गोठलेला असला की हा त्रास कमी असतो. जेवणाच्या सुट्टीत पाकिटं बाहेर पडून अर्धवट वितळली की सारखे अलार्म सुरू होतात आणि कोणीतरी सेन्सिटिव्हिटी खाली आणतो. मग सगळ्यात आधी निसटतं ते स्टेनलेस, आणि आपल्या हॉलमध्ये बहुतेक सगळं स्टेनलेसचंच! अशा वेळी माल परत फ्रीझरला घाला. ताज्या आणि गोठलेल्या मालाची सेटिंग वेगळी ठेवा आणि पासवर्ड प्रॉडक्शनच्या हाती देऊ नका.

लोखंड, पितळ आणि स्टेनलेस असे तिन्ही टेस्ट पीस (डिटेक्टर तपासायचे धातूचे नमुने) खऱ्या पाकिटासोबत, खिडकीच्या मध्यातून चालवा. चाचणी फसली तर मागच्या यशस्वी चाचणीपासूनचा सगळा माल अडवावा लागतो. म्हणून दर तासाला तपासणारा तासाभराचाच माल अडकवतो. (शिफ्ट सुरू होण्याआधीच दिवसभराच्या टिका मारून ठेवणारे महाभागही असतात. त्यांचं रजिस्टर फार स्वच्छ दिसतं.)

प्लास्टिक मेटल डिटेक्टरला दिसत नाही आणि पातळ तुकडा एक्स-रेलाही सहसा चुकवतो. तरीही फिक्या चिकनवर पांढरे हातमोजे आणि पारदर्शक लायनर (मालाभोवतीचा प्लास्टिकचा कागद) वापरले जातात. निळे घ्या, निदान डोळ्यांना दिसतील. गोठलेल्या ब्लॉकच्या घडीत लायनरचा कोपरा हमखास अडकतो. ओढून फाडण्यापेक्षा ब्लॉक जरा सैल होऊ द्या आणि काढलेला लायनर अखंड आहे का, ते पाहा.

बोनलेसमधलं हाड ही वेगळी डोकेदुखी. ब्रॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांत कापला जातो, त्यामुळे हाडं कोवळी असतात आणि एक्स-रेमध्ये ती फिकी दिसतात. इथे अजून बोटांनी चाचपणं सोडून चालत नाही. त्या टेबलावरच्या माणसांची अदलाबदल करत राहा, कारण थकलेली बोटं चुकतात.

दुरुस्ती झाली की हत्यारं, नट-बोल्ट, केबल टाय मोजूनच लाइन सुरू करा. पात्याचे तुकडे मोडत वापरायचा कटर हॉलमध्ये नकोच.

ग्राहकाची तक्रार आली तर फोटोवर भागवू नका. तुकडा मागवा, मोजा, जपून ठेवा आणि त्या बॅचचा गोदामातला माल त्याच दिवशी थांबवा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 54 खाली बाह्य पदार्थासाठी 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याआधी वितरक पुढची ऑर्डर थांबवतो.