स्मार्टफोनशिवाय रोजचा दिवस : एकेक काम कसं हलवायचं

मी सांगलीत राहतो आणि गेली २ वर्षं बटणांचा फोन वापरतो. ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जमतं का हो?" जमतं. पण पहिले ३ महिने जे जमत होतं, ते बायकोच्या जिवावर. गॅसच्या टाकीचा निरोप तिच्या फोनवर, मुलीच्या शाळेची सूचना तिच्या फोनवर, वाण्याचे पैसे द्यायचे तर "जरा स्कॅन कर ना". मी मोकळा झालो होतो आणि माझी सगळी कामं तिच्या डोक्यावर जाऊन बसली होती. एका रविवारी तिने ते शांतपणे बोलून दाखवलं. त्यानंतर मी सगळं नव्याने मांडलं. पुढे लिहिलंय ते त्यातून शिकलेलं, आणि त्याचा पाया एकच: फोन करत होता ते प्रत्येक काम दुसऱ्याच्या फोनवर न ढकलता त्याला आपली स्वतःची जागा शोधून द्यायची. वही, खिडकी, कार्ड, एसएमएस, घरचा कॉम्प्युटर, काहीही चालेल.

१. आधी आठवडाभर यादी करा

फोन लगेच बंद करू नका. खिशात एक छोटी वही ठेवा आणि ७ दिवस, फोन हातात घेतला की कशासाठी घेतला ते एका ओळीत लिहा. नुसतंच चाळत बसलात तर तेही लिहा. माझ्या यादीत ३१ गोष्टी आल्या. गजर, टॉर्च, ओटीपी, बसची वेळ, आईच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, इस्त्रीचा हिशेब, क्रिकेटचा स्कोअर.

मग प्रत्येक ओळीपुढे ते काम कुठे जाणार हे लिहायचं. गजराला गजराचं घड्याळ. ते पहिल्याच आठवड्यात विकत घ्या, कारण उशाशी फोन असतो तो बहुतेक वेळा गजराच्या निमित्ताने. वेळ बघायला मनगटावरचं घड्याळ. दुधाचा रतीब, कामवाल्या मावशींचे खाडे, टाकी लावल्याची तारीख हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात. तिथे पेन दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत सवय मोडते. गोळ्यांची नावं आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर. अशा २७ ओळी फारसा त्रास न होता मार्गी लागल्या. उरल्या ४: पैसे, रेल्वेचं तिकीट, ईमेलचं लॉगिन आणि शाळेचा ग्रुप. तुमच्या उरलेल्या ओळी वेगळ्या असतील. ज्या ओळीपुढची जागा रिकामी राहते तिथेच वेळ घालवा.

२. हँडसेट आणि सिम

जुना हँडसेट कपाटात पडलेला असेल तर आधी सिम कोणतं ते बघा. जिओचं नेटवर्क ४जी आहे, त्यावर जुना २जी फोन चालणार नाही. नवा घेताना ४जी आणि व्होल्टी (म्हणजे ४जीवरूनच कॉल लागायची सोय) असलेला साधा फोन घ्या, पुढची काही वर्षं काळजी नको. नंबर बदलू नका. बँक, आधार, गॅस, शाळा सगळीकडे तोच असतो.

दुकानात उभं राहूनच दोन गोष्टी तपासा. पहिली, कुणाला तरी मराठीत एसएमएस पाठवायला सांगा. अक्षरं नीट दिसली पाहिजेत. काही स्वस्त फोनवर नुसते चौकोन दिसतात. (देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा धरला जातो, इंग्रजीतला १६० चा. त्यामुळे मराठीत लिहिताना मी तारेसारखं लिहितो: "पोचलो. जेवून येतो.") दुसरी गोष्ट म्हणजे फोनमध्ये किती मेसेज मावतात. हे मी विचारलं नव्हतं. एका बँकेच्या काउंटरवर १५ मिनिटं उभा होतो, ओटीपी येतच नव्हता. काउंटरवरच्या बाईंनी तीनदा पाठवला. मागे रांग वाढत होती. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या पाकिटाच्या चित्राकडे लक्ष गेलं: मेसेजची जागा भरली होती, जाहिरातींच्या एसएमएसने. दहा-बारा मेसेज पुसले आणि तिन्ही ओटीपी एकापाठोपाठ येऊन पडले. तेव्हापासून दर रविवारी मेसेज पुसतो, तीही ओळ वहीत आहे.

रिचार्जला गेल्यावर "फक्त कॉल आणि एसएमएसचा द्या" असं स्पष्ट सांगा. दुकानदार सवयीने डेटाचा पॅक सांगतो. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी असे वेगळे पॅक ठेवा, असा नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये केला आणि जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी ते आणले. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते.

३. जुना फोन मिटवण्याआधी

ही पायरी घाईत करू नका. एक पूर्ण संध्याकाळ द्या.

ईमेल कॉम्प्युटरवर उघडून दुहेरी सुरक्षेची सेटिंग बघा. मंजुरीची सूचना स्मार्टफोनवर येत असेल तर ती बदलून एसएमएसवर आणा. गूगलचं खातं असेल तर बॅकअप कोड काढून छापा. ८ आकड्यांचे १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. तो कागद पासबुकासोबत ठेवा. ओटीपी देणारं एखादं अ‍ॅप वापरत असाल तर प्रत्येक खात्यात जाऊन तेही आत्ताच बदला, नंतर दार बंद झालेलं असेल.

फोटो कॉम्प्युटरवर उतरवा. नंबर सिमवर घ्या, आणि शिवाय वहीतही लिहा. मी ते हाताने लिहिले, अ पासून ज्ञ पर्यंत. दोन दुपार गेल्या, पण त्यात कितीतरी माणसं वर्षानुवर्षं बोललोच नाही अशी सापडली. सात-आठ जणांना लिहिता लिहिताच फोन लावला.

आणि व्हॉट्सअ‍ॅप नुसतं काढून टाकू नका. सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करा, म्हणजे नाव सगळ्या ग्रुपमधून जातं. फक्त अ‍ॅप काढलं तर लोकांना तुम्ही ग्रुपमध्येच दिसता, ते निरोप पाठवत राहतात आणि तो तुम्हाला मिळाला असंच धरून चालतात.

हे झाल्यावर फोन बंद करून महिनाभर कपाटात ठेवा. विसरलेलं एखादं काम या महिन्यात वर येतंच. महिना निभला की सगळं पुसून मगच तो विका किंवा कुणाला द्या.

४. पैसे

सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो.

रोख हा पहिला मार्ग, आणि अजूनही बिनबोभाट चालतो. मी सोमवारी आठवड्याचे पैसे एटीएममधून काढतो आणि दोन भाग करतो: मोठ्या नोटा पाकिटात, १० आणि २० च्या नोटा शर्टाच्या खिशात. खरी अडचण सुट्यांची असते. मंडईत सकाळी भाजीवाल्याकडे सुटे नसतात, म्हणून पेट्रोल भरताना किंवा किराण्याच्या मोठ्या बिलाला मोठी नोट मोडून घेतो आणि मंडईसाठी सुटे राखतो. मोठ्या दुकानात डेबिट कार्ड.

पण कधी कधी समोरच्याला यूपीआयच हवं असतं, आणि ते साध्या फोनवरही करता येतं. *९९# हा नंबर लावला की इंटरनेटशिवाय पडद्यावर यादी येते, मराठीतही. पहिल्यांदा बँक निवडून डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि कार्डाची मुदत टाकून पिन तयार करावा लागतो. पुढे मोबाइल नंबर, रक्कम, पिन, झालं. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. दुसरा मार्ग यूपीआय १२३पे. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने तो खास बटणांच्या फोनसाठी सुरू केला. यात एक नंबर फिरवून आवाजातल्या सूचनांनुसार बटणं दाबत पैसे पाठवता येतात, आणि एका व्यवहाराची मर्यादा आता १०,००० रुपये आहे. अडलात तर १४४३१ या डिजिसाथीच्या मदतक्रमांकावर विचारा.

पहिला प्रयत्न दुकानात करू नका. घरी बसून भावाला १ रुपया पाठवून बघा. तुमच्या बँकेला आणि तुमच्या सिमला काय चालतं, हे तसंच कळतं. दुकानात क्यूआर कोड स्कॅन करता येणार नाही. दुकानदाराचा यूपीआयला जोडलेला मोबाइल नंबर विचारायचा. कोडखाली लिहिलेला लांबलचक पत्ता बटणांवर टाइप करायच्या भानगडीत पडू नका, मागचं गिऱ्हाईक खोळंबतं. आणि "द्या इकडे, मी करून देतो" असं कुणी म्हटलं तरी पिन आपणच टाकायचा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

गॅसची टाकी रजिस्टर नंबरवरून मिस्ड कॉल देऊन लागते. वितरकाकडे नंबर मिळतो. टाकी येताना एसएमएसवर आलेला कोड सांगायचा. वीज गेली तर १९१२, फक्त बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक वहीत लिहिलेला हवा.

५. प्रवास आणि कागद

रेल्वेचं तिकीट मी मिरजेच्या आरक्षण खिडकीवर काढतो. घरूनच गाडीचा नंबर, तारीख आणि दोन पर्याय लिहून न्या. एका अर्जावर ६ प्रवासी मावतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा गणपती-दिवाळीचे दिवस कॅलेंडरवर मोजून खूण करून ठेवा. अर्जावर मोबाइल नंबर लिहा, आणि गाडीची चौकशी १३९ वर करा. एसटीसाठी स्थानकातलं वेळापत्रक एकदा वहीत उतरवलं की झालं, मात्र शेवटच्या गाडीची वेळ कंट्रोलरला पुन्हा विचारलेली बरी. रिक्षा थांब्यावरून.

नव्या गावात नकाशा नसतो, म्हणून निघण्याआधी ज्यांच्याकडे जायचं त्यांनाच फोन करून खुणा विचारतो: कुठल्या चौकात उतरायचं, शाळा डाव्या हाताला का उजव्या. कागदावर चार रेघा मारल्या की पुरतं. चुकलोच तर पानपट्टीवाला सांगतो, आणि त्यांना पत्ते चांगले ठाऊक असतात.

मोबाइलमधले कागद आता पाकिटात. आधारचं पीव्हीसी कार्ड यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मागवा. लायसन्स आणि आरसीची कार्डं सोबत, विमा आणि पीयूसीच्या छापील प्रती गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत.

काही सरकारी कामं अ‍ॅपवरच ठेवली आहेत. शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद, तशीच. तिथे गावातल्या सहायकाला गाठा. तो त्याच कामासाठी नेमलेला असतो. दाखले, उतारे यांसाठी आपले सरकार सेवा केंद्र आहे. ठरलेली फी देऊन काम करून घेणं आणि घरच्या माणसाला रोज राबवणं यात मला मोठा फरक वाटतो.

६. निरोप

इथे मी सर्वांत वाईट चुकलो. नात्यातले एक काका गेले आणि मला ते दहाव्यानंतर कळलं. निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर गेला होता, प्रत्येकाला वाटलं कुणीतरी मला सांगितलं असेल. काकूंच्या समोर जाऊन बसलो तेव्हा बोलायला शब्द नव्हते.

त्यानंतर मी १२ जणांना एकेक करून फोन केला आणि स्पष्ट सांगितलं: मी ग्रुपवर नाही, सुखदुःखाचं काही असेल तर मला फोन करा, रात्री-अपरात्रीसुद्धा. हे सांगितल्याशिवाय फोन सोडू नका. आणि उलट बाजूने आपणही हात पुढे करायचा. दर रविवारी वहीतल्या तिघांना मी स्वतः फोन लावतो.

शाळेसाठी वर्गशिक्षिकांना भेटलो. सूचना मुलीच्या डायरीत लिहून येतात, तातडीचं असलं तर त्या फोन करतात. सोसायटीच्या सचिवांना विनंती करून सूचना फलकावर पुन्हा लागायला लागल्या, आणि त्याचा फायदा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनाही झाला.

बातम्यांना सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणी पुणे आणि दारात पडलेलं वर्तमानपत्र पुरतं.

७. अडीअडचणीला

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर फोनच्या मागे चिकटवा. घरच्यांचे दोन नंबर तोंडपाठ करा. मुलांकडूनही करून घ्या.

८. ज्यांना पूर्ण सोडता येणार नाही

ज्यांची हजेरी अ‍ॅपवर लागते, जे डिलिव्हरी करतात, ज्यांचं आजारपण फोनला जोडलेल्या यंत्रावर अवलंबून आहे, त्यांनी हे करू नये. त्यांच्यासाठी आमच्याच जिल्ह्यात एक चांगली वाट आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात.

घरात हे आजच सुरू करता येतं. ७ वाजता सगळ्यांचे फोन बंद करून स्वयंपाकघरातल्या एका डब्यात, साडेआठला बाहेर. ज्यांना कामाचा फोन येऊ शकतो त्यांनी रिंग मोठी करून डबा उघडा ठेवावा. भोंग्याऐवजी पहिल्या आठवड्यात घेतलेलं गजराचं घड्याळ चालतं. आमच्याकडे त्याला चावी द्यायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलंय.