एक्सोझोममध्ये औषध भरणे आणि ते खरोखर आत गेल्याची खात्री करणे

एक्सोझोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या, मेदपटलाने वेढलेल्या पुटिका. ऑक्सफर्डमधील मॅथ्यू वुड यांच्या गटाने २०११ मध्ये या पुटिकांमार्फत एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचे काम दडपणारा आरएनएचा छोटा तुकडा) उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवला आणि अल्झायमरशी निगडित बेस-१ या प्रथिनाचे प्रमाण घटवून दाखवले. नव्याने हे काम शिकणाऱ्याने हीच पद्धत आधाराला घ्यावी.

प्रथम पत्ता ठरवावा. एक्सोझोमच्या पटलात लॅम्प-२बी हे प्रथिन असते. त्याच्या बाहेरच्या टोकाला रेबीज विषाणूच्या प्रथिनातील आरव्हीजी हा चेतापेशींना चिकटणारा तुकडा जोडलेले जनुक दात्या पेशींमध्ये, म्हणजे ज्यांच्यापासून एक्सोझोम मिळवायचे त्या पेशींमध्ये, घालावे. हा तुकडा पेशीतील विकरांकडून कापला जाऊ शकतो, म्हणून त्याला ओळखखूण जोडून तो तयार पुटिकांवर टिकला आहे का, हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीने पाहावे.

त्यानंतर पेशी वाढवण्यासाठी वापरायचे वासराचे सीरम आधी १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) वेगाने रात्रभर फिरवून घ्यावे, अन्यथा गाईचेच एक्सोझोम आपल्या नमुन्यात मिसळतात. जमवलेला द्रव ३००, २,००० आणि १०,००० जी अशा चढत्या वेगाने फिरवून पेशी व त्यांचे अवशेष काढून टाकावेत. शेवटी १,००,००० जी वेगाने सुमारे ७० मिनिटे फिरवल्यावर तळाशी बसलेला साका फॉस्फेट बफरमध्ये मिसळून त्याच वेगाने पुन्हा एकदा धुवावा. सीडी९, सीडी६३ व सीडी८१ ही एक्सोझोमची ओळख मानलेली प्रथिने सापडणे पुरेसे नाही. पेशीच्या आतील कॅलनेक्सिन त्यात नाही, हेही दाखवावे लागते.

खरी फसगत होते ती औषध भरताना. विद्युतस्पंदांनी पटलाला क्षणभर छिद्रे पाडून एसआयआरएनए आत ढकलतात, त्याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. परंतु त्याच वेळी इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या धातूच्या आयनांमुळे एसआयआरएनएचे गोळे तयार होतात आणि ते एक्सोझोमबरोबर तळाशी बसतात. मोजणाऱ्याला वाटते की औषध उत्तम भरले. प्रत्यक्षात ते पुटिकांच्या बाहेरच असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये हा दोष उघड केला. म्हणून एक्सोझोम अजिबात न घालता, फक्त एसआयआरएनए तेवढ्याच बफरमध्ये घेऊन त्याला तेच स्पंद द्यावेत, पुढची धुलाईही तशीच करावी आणि तळाशी किती उरले ते मोजावे. हा आकडा एक्सोझोम घातलेल्या नमुन्याच्या जवळपास आला, तर भरण झालेली नाही असे समजून पुढचा प्रयोग थांबवावा. माझ्या मते या तुलनेशिवाय दिलेली भरणाची कोणतीही टक्केवारी स्वीकारू नये.

पेशीत प्रवेश झाला हेही दोन पायऱ्यांत तपासावे. पुटिकांना लावलेल्या पीकेएच-२६ सारख्या चमकत्या रंगाचे कण स्वतंत्रपणेही जमतात आणि पेशी ते गिळतात, म्हणून केवळ चमक दिसली यावर विसंबू नये. एक्सोझोमविना रंगाचा नमुना शेजारी ठेवावा. शिवाय गिळलेल्या पुटिका बहुधा एंडोसोममध्येच (पेशीने गिळलेले ठेवणाऱ्या पिशवीत) अडकून नष्ट होतात, तर एसआयआरएनएचे काम पेशीद्रवात असते. त्यामुळे लक्ष्य जनुकाचा आरएनए आणि त्याचे प्रथिन दोन्ही घटले का, हेच मोजावे, आणि असंबद्ध क्रमाचा एसआयआरएनए भरलेले एक्सोझोम तितक्याच मात्रेत देऊन ते घटत नाही याची नोंद त्याच तक्त्यात करावी.